पोडियमवर उचललेली मूठ गुन्हा कशी? आयओसी अध्यक्ष कर्स्टी कॉव्हेंट्री यांना खुलं पत्र

मा. कर्स्टी कॉव्हेंट्री मॅडम, अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती, आणि ॲथलीट्स कमिशनचे सगळे मेंबर,

नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसला तरी कळेल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या आत रूल ५० मधली, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये निदर्शनं करायला मनाई करणाऱ्या तुमच्या नियमातली, पोडियमवरची बंदी काढा. वर्णद्वेषाच्या विरोधात एखादा खेळाडू मेडल घेताना मूठ वर करेल, गुडघा टेकेल, मान खाली घालून उभा राहील, तर त्याच्यावर कुठलीही कारवाई होणार नाही एवढं लेखी द्या. पुढे जे काय लिहिलंय ते सगळं ह्या एका मागणीसाठीच.

आणि हे तुम्हालाच का लिहितेय, तर २०२१ साली हा विषय जेव्हा खेळाडूंना विचारला गेला तेव्हा ॲथलीट्स कमिशनच्या, म्हणजे खेळाडूंच्या समितीच्या, चेअर तुम्हीच होतात. १८५ देशांच्या समित्यांमधल्या ३,५४७ खेळाडूंनी सर्व्हे भरला, साधारण दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की पोडियम ही निदर्शनाची जागा नाही, आणि त्या आकड्यावर तुमची शिफारस उभी राहिली. आकडे खरेच असणार, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मॅडम, ज्याला मैदानात उतरल्यावर गॅलरीतून माकडाचे आवाज ऐकावे लागलेत त्याचं उत्तर आणि ज्याला आयुष्यात कधीच लागले नाहीत त्याचं उत्तर, दोन्ही एकत्र करून टक्केवारी काढली तर कोणाचं मत जिंकणार हे सर्व्हे करायच्या आधीच ठरलेलं असतं. ज्याच्यावर अन्याय होतो तो बहुतेक वेळा संख्येने कमीच असतो, म्हणून तर त्याच्यावर अन्याय करणं सोपं जातं. अशा माणसाला तोंड उघडू द्यायचं का नाही हे बाकीच्यांच्या मतदानाने ठरवायचं हे मला पटत नाही. १९६८ साली मेक्सिको सिटीच्या स्टेडियममध्ये असाच सर्व्हे घेतला असता तर काय निकाल लागला असता ते आपल्याला माहितीच आहे, कारण मूठ वर करणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस पोडियमवरून उतरून जात होते तेव्हा लोक त्यांची हुर्यो उडवत होते.

त्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला माहीत नाही असं नाही, पण लोकांच्या डोक्यात त्यातला एक फोटोच तेवढा राहिलाय आणि बाकीचं सगळं पुसलं गेलंय.

१६ ऑक्टोबर १९६८. पुरुषांची २०० मीटर फायनल. टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदात पहिला, वर्ल्ड रेकॉर्ड, तेही सेमीफायनलला मांडीचा स्नायू दुखावलेला असताना. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन २०.०६ मध्ये दुसरा, जॉन कार्लोस २०.१० मध्ये तिसरा. दोघे अमेरिकन पोडियमवर आले ते बूट काढून, पायात फक्त काळे मोजे, काळ्या लोकांची गरिबी दाखवायला. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ, झुंडीने फासावर लटकवून मारलेल्या माणसांसाठी. कार्लोस स्वतःचे हातमोजे विसरून आला होता तेव्हा स्मिथची जोडी वाटून घ्या असं सुचवलं नॉर्मनने, म्हणून एकाचा उजवा हात वर आहे आणि एकाचा डावा. आणि नॉर्मनने स्वतःच्या जॅकेटवर तोच बिल्ला लावला होता जो त्या दोघांच्या छातीवर होता, ऑलिम्पिक प्रोजेक्ट फॉर ह्युमन राइट्सचा, म्हणजे वर्णद्वेषाविरुद्धच्या खेळाडूंच्या चळवळीचा. एक गोरा ऑस्ट्रेलियन, त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती, त्याने स्वतः बिल्ला मागून घेतला.

कुणाला धक्का दिला नाही, कुणाचं राष्ट्रगीत अडवलं नाही, एक शब्द बोलले नाहीत. राष्ट्रगीत संपेपर्यंत डोकं खाली आणि हात वर, बस एवढंच.

तुमच्या खुर्चीवर तेव्हा ॲव्हरी ब्रंडेज होते. अमेरिकन समितीने ह्या दोघांना टीममधून काढावं म्हणून त्यांनी दबाव आणला, ऐकलं नाहीत तर अख्खी ट्रॅक टीम बाहेर काढू इथपर्यंत गोष्ट गेली, आणि दोघांना ऑलिम्पिक व्हिलेजमधून घालवून दिलं. (त्यांची मेडल्स काढून घेतली असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही, मेडल्स त्यांच्याकडेच राहिली.) हेच ब्रंडेज १९३६ साली बर्लिनला अमेरिकन समितीचे अध्यक्ष म्हणून गेले होते, तिथे जर्मन खेळाडू पोडियमवर नाझी सलाम करत होते, आणि त्याला त्यांनी हरकत घेतली नव्हती. कारण काय, तर तो त्या देशाचा अधिकृत सलाम. म्हणजे सरकारने शिकवलेला हात चालतो, माणसाने स्वतःच्या मनाने वर केलेला हात चालत नाही. मला रूल ५० वाचताना आजही तोच हिशोब दिसतो आणि म्हणून एवढा त्रास होतो.

पुढे काय झालं बघा. दोघांनाही घरी जीवे मारायच्या धमक्या आल्या, कामधंदा मिळायची मारामार झाली. नॉर्मन १९७२ च्या म्युनिकला गेलाच नाही. २००६ साली तो वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटने त्याची माफी मागितली, तो जाऊन सहा वर्षं झाल्यावर. आणि त्याचा तो २०.०६ चा राष्ट्रीय रेकॉर्ड २०२४ च्या डिसेंबरपर्यंत टिकला, ५६ वर्षं, मग गाउट गाउट नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने तो मोडला. इतका वेगवान माणूस होता तो, आणि आपल्याला तो फोटोतला बाजूचा माणूस म्हणून माहीत. इकडे अमेरिकेत सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये स्मिथ आणि कार्लोसचा पुतळा उभारला, २०१९ मध्ये अमेरिकन ऑलिम्पिक समितीने त्या दोघांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्याच समितीने ज्यांना हाकललं होतं.

सन्मान झाला ह्याचा मला आनंदच आहे. पण मॅडम, पन्नास वर्षांनी दिलेला सन्मान हा त्या तरुण वयातल्या खेळाडूच्या काय कामाचा, त्याचं करिअर तर तेव्हाच गेलं. आणि दर वेळेला हेच होतं. निदर्शन जेव्हा टोचतं तेव्हा शिक्षा, आणि टोचायचं बंद झालं की पुतळा.

आता एक गोष्ट जी खास तुमच्याशी जोडलेली आहे. त्या बिल्ल्यामागच्या मागण्या काय होत्या हे फार कमी लोक सांगतात. मुहम्मद अलीचं काढून घेतलेलं टायटल परत द्या, ब्रंडेजना हटवा, काळे कोच नेमा, आणि एक मागणी होती की वर्णभेद करणाऱ्या दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला ऑलिम्पिकमध्ये घेऊ नका. ऱ्होडेशिया, म्हणजे १९८० नंतरचा झिम्बाब्वे, तुमचा देश. तुम्ही अथेन्सला आणि बीजिंगला पोहण्यातलं बॅकस्ट्रोकचं गोल्ड ज्या झेंड्याखाली जिंकलात, एकूण सात मेडल्स ज्या झेंड्यासाठी आणलीत, तो झेंडा तयार व्हायच्या आधी त्या मातीतल्या काळ्या माणसाला बरोबरीने वागवा म्हणून दोन अमेरिकन आणि एक ऑस्ट्रेलियन छातीवर बिल्ला लावून मेक्सिकोत उभे होते. हे तुमच्यापेक्षा जास्त जवळून समजू शकेल असा आयओसी अध्यक्ष आजपर्यंत झाला नाही. म्हणून तुमच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

आणि त्या मागण्या काय चुकीच्या होत्या का? दक्षिण आफ्रिकेला तुमच्याच समितीने १९६४ पासून बाहेर ठेवलं, १९७० मध्ये पूर्ण काढून टाकलं, ते परत आले थेट १९९२ ला बार्सिलोनात. म्हणजे वर्णभेदाच्या बाबतीत ऑलिम्पिक कधी तटस्थ नव्हतंच, आफ्रिकन देशांनी रेटा लावल्यावर का होईना पण बाजू घेतली आणि योग्य बाजू घेतली. बाकीच्या खेळांनीही घेतली. १९७१ च्या एप्रिलमध्ये केप टाउनच्या न्यूलँड्सवर प्रॉक्टर, बॅरी रिचर्ड्स, पोलॉक बंधू हे सगळे गोरे क्रिकेटर एक बॉल टाकून झाल्यावर मैदानाबाहेर निघून गेले, टीम निवडताना रंग बघू नका हे सांगायला. १९७४ मध्ये भारताने डेव्हिस कपची फायनल खेळायलाच नकार दिला, समोर दक्षिण आफ्रिका होती म्हणून, अमृतराज बंधूंच्या टीमला कप जिंकायचा चान्स होता तो गेला. आज कुणी म्हणतं का की ह्या लोकांनी खेळात राजकारण आणलं? मग संस्था म्हणून, देश म्हणून जे चालतं ते एकट्या खेळाडूने केलं की लगेच नियमभंग कसा होतो?

तुमचा नियम म्हणतो की ऑलिम्पिकच्या कुठल्याही जागी कुठल्याही प्रकारचं निदर्शन किंवा राजकीय, धार्मिक, वांशिक प्रचार चालणार नाही. तुमच्याच चार्टरची, म्हणजे ऑलिम्पिकच्या घटनेची, मूलभूत तत्त्वं म्हणतात की वंश, रंग, भाषा, धर्म कशावरूनही भेदभाव चालणार नाही. मग जो खेळाडू पोडियमवर उभा राहून भेदभाव चालणार नाही असं म्हणतोय तो चार्टरच वाचून दाखवतोय ना? त्याला प्रचारकांच्या रांगेत का बसवलंय?

२०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या आधी तुम्ही नियम थोडा सैल केलात हे मान्य आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मॅच सुरू व्हायच्या आधी हावभाव करायला परवानगी मिळाली आणि पहिल्याच दिवशी फुटबॉलमध्ये ब्रिटन-चिलीच्या मुलींनी गुडघा टेकला, मग अमेरिका-स्वीडनच्या मुलींनी. काय बिघडलं? मॅच वेळेवर सुरू झाली, गोल झाले, लोकांनी बघितलं. सुरुवातीला ते फोटो ऑलिम्पिकच्या अधिकृत सोशल मीडियावर दिसत नव्हते, पेपरात बातमी आल्यावर धोरण बदललं, हे मात्र लक्षात राहिलं. कोस्टारिकाची जिम्नॅस्ट लुसियाना अल्वाराडो हिने तर फ्लोअर रूटीनचा शेवटच गुडघा टेकून आणि मूठ वर करून केला, इतकं सुंदर बसवलं होतं तिने ते, खेळ आणि म्हणणं वेगळं काढताच येत नव्हतं.

पण पोडियमची बंदी तशीच राहिली आणि मग अमेरिकेच्या रेव्हन सॉंडर्सचं प्रकरण झालं. गोळाफेकीत सिल्व्हर, राष्ट्रगीत होऊन गेलेलं, फोटो काढायची वेळ, तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन एक्स केला. जगातल्या दडपलेल्या सगळ्या माणसांचे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात ती जागा म्हणजे हा एक्स असं तिने सांगितलं. तुमच्या समितीने चौकशी लावली. दोन दिवसांत तिची आई गेली आणि चौकशी थांबवली. त्या मुलीने आयुष्यातलं सगळ्यात मोठं मेडल आणि आईचं जाणं ह्या दोन गोष्टींच्या मधले दोन दिवस आपल्यावर काय कारवाई होणार ह्या प्रश्नाखाली काढले. कशासाठी? तिच्या त्या दोन हातांनी कुणाचं काय नुकसान झालं ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आता तुमच्या बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, म्हणून नीट बोलू.

पहिला मुद्दा, एकाला परवानगी दिली की उद्या कुणीही येऊन काहीही करेल, द्वेष पसरवणारी खूणसुद्धा करेल. खरी भीती आहे. पण त्याला उत्तर चार्टरमध्येच आहे, जी खूण माणसामाणसात भेद करायला सांगते ती चार्टरच्या विरोधात, तिच्यावर कारवाई करा, खुशाल करा. जी भेद नको म्हणते ती चार्टरच्या बाजूची. मधल्या अवघड केसेस येतील, नक्की येतील, त्यासाठी खेळाडूंनी निवडलेलं वेगळं पॅनल ठेवा आणि निकाल कारणांसकट जाहीर करा. अवघड केसेस येतील म्हणून सोप्या केसलाही शिक्षा करायची हा कुठला न्याय.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परवानगी दिली की सरकारं आणि फेडरेशन खेळाडूंवर दबाव टाकतील, अमुक खूण करच म्हणून. हे होऊ शकतं, झालेलंही आहे. २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डाने मॅचच्या दिवशी सकाळी फतवा काढला की सगळ्यांनी गुडघा टेकायचाच, आणि क्विंटन डी कॉक वेस्ट इंडिजविरुद्धच्या मॅचमधून बाहेर बसला. नंतर त्याने माफी मागितली, आपली सावत्र आई काळी आणि सावत्र बहिणी मिश्रवंशीय आहेत हे सांगितलं, पुढच्या मॅचला गुडघाही टेकला. माझं मत सांगते, वर्णद्वेषाविरुद्ध उभं राहायलाच हवं पण तो फतवा चूक होता. हुकुमावरून टेकलेल्या गुडघ्यातून काहीच कळत नाही, तो कवायतीचा भाग होतो. म्हणूनच नियम असा करा की कुणी अडवायचं नाही आणि कुणी भागही पाडायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच कलमात लिहा. आज तुमच्या नियमात खेळाडूला गप्प बसवायची सोय आहे, त्याला दबावापासून वाचवायची सोय मला तरी दिसत नाही.

आणि हे पण समजून घ्या की खेळाडूंना ह्या खुणांचं व्यसन वगैरे लागलेलं नाही. त्या उपयोगी पडत नाहीत असं वाटलं की तेच सगळ्यात आधी सोडून देतात. इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगमध्ये २०२० च्या जूनपासून प्रत्येक मॅचआधी गुडघा टेकायचे, २०२१ मध्ये विल्फ्रेड झाहा म्हणाला मी आता ताठ उभा राहणार, कारण टेकून टेकून शिव्या काही थांबल्या नाहीत. २०२२ मध्ये कॅप्टन लोकांनी ठरवलं ठरावीक मॅचलाच करू. २०२५ च्या महिलांच्या युरो फुटबॉल स्पर्धेत इंग्लंडच्याच जेस कार्टरला ऑनलाइन घाण घाण लिहिलं गेलं तेव्हा इंग्लंडच्या मुली सेमीफायनलला गुडघा न टेकता उभ्याच राहिल्या, दुसरा काहीतरी मार्ग शोधायला पाहिजे म्हणून. म्हणजे कधी टेकायचं, कधी उभं राहायचं, कधी मैदान सोडायचं ही अक्कल त्यांच्याकडे आहे आणि ती अधिकाऱ्यांपेक्षा जास्त आहे, कारण सोसतात ते.

मैदान सोडण्यावरून आठवलं. २०१७ मध्ये इटलीत कॅग्लियारीला फुटबॉल मॅचमध्ये पेस्कारा क्लबचा सुली मुंतारी रेफ्रीला सांगायला गेला की प्रेक्षक मला वर्णावरून शिव्या देतायत, तर रेफ्रीने त्यालाच यलो कार्ड दाखवलं. तो चिडून बाहेर निघून गेला तर दुसरं यलो. एका मॅचचा बॅन लागला, ओरड झाल्यावर तो रद्द झाला. सात वर्षांनी, मे २०२४ मध्ये बँकॉकच्या काँग्रेसमध्ये फिफाने ठरवलं की खेळाडूने मनगटांवर हात क्रॉस केले की रेफ्रीने ते तक्रार म्हणून घ्यायचं आणि मॅच थांबवायची, मग तात्पुरती बंद करायची, तरी थांबलं नाही तर रद्द करायची अशा तीन पायऱ्यांची प्रोसेस सुरू करायची. ते सगळीकडे नीट पाळलं जाईल का हा वेगळा विषय, फिफाबद्दल माझ्या खूप तक्रारी आहेत. पण निदान कागदावर तरी खेळाडूच्या हातांना किंमत मिळाली, हात क्रॉस केले की समोरच्याला काहीतरी करावं लागतं. तुमच्याकडे आज काय होतं? पोडियमवर हात क्रॉस केले तर चौकशी ज्याने केले त्याचीच.

तर नेमकं काय करायचं ते पुन्हा स्पष्ट लिहिते. पोडियमवरच्या शांत, कुणाला न अडवणाऱ्या, भेदभावाविरुद्धच्या खुणांना गाइडलाइन्समधून सूट द्या. भाग पाडण्यावर बंदी घाला. वाद आला तर तो स्वतंत्र पॅनलकडे जाऊ दे, राष्ट्रीय समित्यांना परस्पर शिक्षा करायला सांगू नका, १९६८ ला नेमकं तेच केलं होतं. सर्व्हे पुन्हा घ्यायचा असेल तर घ्या, पण ज्यांनी वर्णद्वेष स्वतः भोगलाय त्यांची उत्तरं वेगळी मोजा आणि वेगळी छापा. आणि टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांना समितीच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीने लिहा की १९६८ साली तुमच्यावर केलेली कारवाई चूक होती. नॉर्मनच्या घरच्यांनाही तसंच पत्र जाऊ दे. स्मिथ आणि कार्लोस दोघेही ऐंशीच्या पुढे गेलेत. एप्रिल-मे २०२८ वगैरेची वाट बघू नका.

लॉस एंजेलिसची स्पर्धा १४ जुलै २०२८ ला सुरू होतेय. टोकियोच्या वेळी सुधारित गाइडलाइन्स उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी आल्या होत्या, खेळाडूंना वकिलांना विचारायलासुद्धा वेळ नव्हता. ह्या वेळी निदान एक वर्ष आधी, म्हणजे २०२७ च्या जुलैपर्यंत, नवीन कलम प्रत्येक देशाच्या समितीकडे आणि प्रत्येक क्वालिफाय होणाऱ्या खेळाडूकडे त्याच्या भाषेत पोचलं पाहिजे. तारीख कधी जाहीर करताय ते कळवा, आम्ही वाट बघतोय.

आपली,
खेळावर आणि खेळाडूंवर जीव असलेली एक प्रेक्षक